स्नॅक-बारच्या छतावरून काचेच्या चर्चपर्यंत: मेगाचर्चचा पाळक कसा घडतो, कसा बुडतो

१९५५ च्या मार्चमधला शेवटचा रविवार. कॅलिफोर्नियात ऑरेंज नावाच्या गावी एक ड्राइव्ह-इन थिएटर होतं. उघडं मैदान, एका टोकाला अजस्र पांढरा पडदा, समोर रांगेने मोटारी लावायच्या आणि प्रत्येक मोटारीच्या खिडकीला एक छोटा स्पीकर अडकवायचा. मुंबईत वांद्र्यालाही पूर्वी असं एक थिएटर होतं, जुन्या लोकांना आठवेल. सिनेमा रात्रीचा, त्यामुळे सकाळी मैदान ओस. रात्री जिथे पॉपकॉर्न आणि हॉट डॉग विकले जायचे त्या स्नॅक-बारच्या सपाट छतावर त्या दिवशी झगा घातलेला एक अठ्ठावीस वर्षांचा तरुण शिडीने चढला. खाली त्याची बायको ऑर्गन वाजवत होती. तो ऑर्गन दर रविवारी ट्रेलरवर घालून ओढत आणायचा आणि उपासना संपली की परत न्यायचा. मोटारीतल्या मोटारीत बसून लोकांनी प्रवचन ऐकलं. 'आमेन' म्हणायचं ते हॉर्न वाजवून.

या तरुणाचं नाव रॉबर्ट शुलर. पंचवीस वर्षांनी हाच माणूस दहा हजारांहून जास्त काचांनी बांधलेल्या चर्चमध्ये उभा राहून जगभरच्या टीव्हीवर बोलत होता. त्यानंतर तीस वर्षांनी त्या चर्चने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. आणि आज ती इमारत दुसऱ्याच पंथाच्या मालकीची आहे.

मेगाचर्च म्हणजे काय, असा प्रश्न अलीकडे बरेच जण विचारतात. स्टेडियमएवढं सभागृह, रॉक बँड, मोठे पडदे, मधोमध उभा एक माणूस, आणि त्याच्या विमानाच्या, घराच्या बातम्या. आकड्यांत सांगायचं तर अमेरिकेतले अभ्यासक साधारण दोन हजार किंवा त्याहून अधिक लोक दर आठवड्याला उपासनेला येतात अशा प्रोटेस्टंट चर्चला मेगाचर्च म्हणतात. पण आकड्यावरून फारसं काही कळत नाही. वसईतल्या कितीतरी कॅथलिक चर्चना रविवारच्या सगळ्या मिस्सा धरल्या तर यापेक्षा जास्त माणसं येतात, तरी त्यांना कोणी मेगाचर्च म्हणत नाही. का, हे समजलं की अर्धा विषय समजला.

वसईच्या चर्चमध्ये फादरची काही वर्षांनी बदली होते. जुना फादर निरोप घेतो, नवा येतो, दोन-तीन रविवार लोक कुजबुजतात आणि मग सगळं पूर्ववत. चर्च फादरचं नसतं, धर्मप्रांताचं असतं; वर बिशप असतो, त्याच्यावर रोम. फादर लग्न करत नाही, त्यामुळे गादी मुलाला देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मेगाचर्चचं बरोबर उलटं. तिथे आधी पाळक येतो, मग त्याच्या भोवती माणसं जमतात, मग त्या माणसांसाठी इमारत होते. पाळकाची बदली कोणी करू शकत नाही, कारण लोक त्याच्यासाठीच आलेले असतात.

'पाळक' हा मराठी ख्रिस्ती लोकांचा शब्द इथे मुद्दाम वापरतोय. पास्टर म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ, त्यामुळे पाळक हा अगदी चपखल शब्द. आणि चर्चमध्ये जमणाऱ्या माणसांना मराठी ख्रिस्ती 'मंडळी' म्हणतात. इमारत वेगळी, मंडळी वेगळी. शुलरच्या गोष्टीत हे दोन शब्द हाताशी असू द्या.

शुलरचा जन्म १९२६ चा, आयोवा राज्यातल्या आल्टन गावाजवळच्या शेतावर. आजूबाजूला सगळे हॉलंडहून आलेले डच शेतकरी. चर्चही डच वळणाचं, रिफॉर्म्ड पंथाचं. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन याच्या शिकवणीवर उभं असलेलं, कडक आणि गंभीर. मामा चीनमध्ये मिशनरी होता. तो सुट्टीवर आला, या चार-पाच वर्षांच्या पोराला म्हणाला की तू मोठा होऊन धर्मोपदेशक होणार, आणि पोराने ते मनावर घेतलं, असं शुलर पुढे आयुष्यभर सांगत असे. पोरसवदा वयात वावटळीने त्यांचं शेतावरचं घर आणि गोठे भुईसपाट केलेले त्याने पाहिले. बापाने मोडक्या घराचं लाकूड विकत घेऊन पुन्हा घर उभं केलं, ही गोष्टही त्याच्या प्रवचनांत वारंवार यायची. चांगल्या कीर्तनकाराकडे असतात तशी त्याच्याकडे आठ-दहा हुकमी आख्यानं होती, त्यातलं हे एक.

मिशिगनमध्ये तो धर्मशास्त्र शिकला. तिथे त्याने केलेलं काम ऐकून पुढची गोष्ट वाचणाऱ्याला हसू येईल: कॅल्विनच्या मुख्य ग्रंथाची विषयवार सूची. म्हणजे माणूस मुळातच पापाने बरबटलेला आहे, देवाच्या कृपेशिवाय त्याच्या हातून काही चांगलं होऊच शकत नाही, असं ठासून सांगणाऱ्या ग्रंथाचं पान न् पान याने चाळलेलं होतं. १९५० मध्ये पदवी, त्याच वर्षी आर्वेलाशी लग्न, मग शिकागोजवळ एका छोट्या चर्चमध्ये पाळक. तिथे जेमतेम चाळीस माणसांची मंडळी होती, ती चारशेपर्यंत गेली. पंथाच्या वरिष्ठांनी हे पाहिलं आणि त्याला कॅलिफोर्नियात नवं चर्च सुरू करायला पाठवलं. हातात ५०० डॉलर दिले.

आता कॅलिफोर्नियाच का, हे जरा नीट पाहू, कारण पुढची सगळी मेगाचर्चं याच प्रकारच्या जमिनीत उगवली.

ऑरेंज काउंटी नावातच संत्र्यांची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या संत्र्यांच्या बागा तोडून वसाहती उभ्या राहायला लागल्या. १९५० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या २ लाख १६ हजार होती. १९६० मध्ये ती ७ लाख ३ हजारांवर गेली आणि १९७० मध्ये १४ लाखांच्या वर. वीस वर्षांत साडेसहा पट. शुलर आला त्याच वर्षी जुलैमध्ये शेजारच्या अनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं. ही सगळी माणसं कुठून कुठून आलेली. गाव मागे राहिलेलं, आजोबांचं चर्च मागे राहिलेलं. शेजारी कोण, ते माहीत नाही. रविवारी सकाळी काय करायचं, हा खरा प्रश्न. आणि प्रत्येकाच्या दारात मोटार.

वाटेत एका हॉटेलात शुलरने कागदी रुमालावर यादी केली होती, चर्च भरवायला कुठे जागा मिळेल याची. शाळेचं सभागृह, कुठल्या मंडळाचा हॉल, दुसऱ्या पंथाचं चर्च, अगदी अंत्यसंस्कारवाल्यांची खोलीसुद्धा. यादीच्या शेवटी कुठेतरी ड्राइव्ह-इन थिएटर. प्रत्यक्षात वरचे सगळे पर्याय कोणी ना कोणी आधीच घेतलेले निघाले. राहिलं ते थिएटर. शुलरने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तिचा सूर असा की आहात तसे या, मोटारीतून उतरायचीही गरज नाही. चर्चला जायचं तर इस्त्रीचे कपडे, पोरांना दटावणं, लोकांच्या नजरा, हे सगळं टळत होतं. इतर पाळकांनी नाकं मुरडली. सिनेमाच्या मैदानात प्रार्थना म्हणजे पाप, असंही काहींनी म्हटलं.

एक बाई होती, अर्धांगवायू झालेली, बोलता-चालता न येणारी. तिचा नवरा दर रविवारी तिला मोटारीतून थिएटरात घेऊन यायचा. कुठल्याही चर्चच्या पायऱ्या ती चढू शकली नसती. नंतर शुलरने थोड्या अंतरावर रीतसर छोटं चर्च बांधलं, तेव्हा थिएटरचं काम बंद करावं असं मंडळीतल्या बऱ्याच जणांना वाटत होतं. शुलर म्हणाला, मग या बाईचं काय? कित्येक वर्षं तो आधी चर्चमध्ये आणि मग धावत थिएटरात, अशी दोन्हीकडे प्रवचनं करत राहिला. त्याच्या टीकाकारांनी हा प्रसंग विसरू नये असं मला वाटतं. गाडीतून प्रार्थना ही कल्पना बाजारू होती खरी, पण तिने ज्यांना दार उघडलं त्यांत ती बाईही होती.

या दोन चर्चांच्या भांडणातून जो तोडगा निघाला तो वास्तुशास्त्रातला होता. रिचर्ड नॉयट्रा हा त्या काळातला नामांकित वास्तुविशारद. त्याने १९६१ मध्ये गार्डन ग्रोव्हला असं चर्च बांधून दिलं की आत बाकांवर बसलेल्या आणि बाहेर मोटारीत बसलेल्या, दोन्ही मंडळींना पाळक एकाच वेळी दिसावा. प्रवचनाच्या जागेशेजारची काचेची भिंत बटण दाबलं की सरकायची आणि शुलर बाहेरच्या मोटारींच्या समोर येऊन उभा राहायचा. १९६८ मध्ये शेजारी 'टॉवर ऑफ होप' नावाचा मनोरा उभा राहिला. त्यात चोवीस तास चालणारी टेलिफोन सेवा होती. रात्री-बेरात्री आत्महत्येच्या विचारात असलेल्या कोणालाही फोन करता यावा म्हणून. हे काम पुढे कित्येक वर्षं चाललं.

दुकानाचे नियम

शुलरने आपलं गुपित कधी लपवलं नाही. उलट १९७० पासून तो देशभरच्या पाळकांना बोलावून वर्ग घेऊ लागला. १९७४ च्या पुस्तकात त्याने सरळ लिहून टाकलं की चर्चने किरकोळ विक्रीच्या दुकानाकडून शिकावं. दुकान यशस्वी कसं होतं? पोचायला सोपं हवं. पार्किंग हवं, आणि पुरेसं नव्हे, शिल्लक राहील इतकं. माल भरपूर हवा, म्हणजे प्रत्येक वयाच्या माणसासाठी काहीतरी कार्यक्रम. सेवा चांगली हवी. लांबून दिसलं पाहिजे. आणि हातात रोकड खेळती हवी.

पार्किंगचा मुद्दा ऐकून हसू येतं, पण यात खोल अर्थ होता. युरोपातलं किंवा आपल्याकडचं जुनं चर्च गावात मध्यावर असतं. लोक चालत येतात, म्हणून चर्चची हद्द पायाच्या अंतराने ठरते. मोटार आली की हद्द पुसली जाते. माणूस तीस-चाळीस किलोमीटरवरून येऊ शकतो, म्हणजेच जवळची पाच चर्चं टाळून आवडत्या पाळकाकडे जाऊ शकतो. आणि एकदा तो निवडू लागला की तो गिऱ्हाईक झाला. शुलरला हे पन्नासच्या दशकात कळलं होतं. चर्च सुरू करण्याआधी तो घरोघर फिरून दार वाजवायचा आणि विचारायचा: तुम्ही कुठल्या चर्चला जाता का? जात असतील तर नमस्कार करून पुढचं घर. जात नसतील तर का जात नाही, काय असतं तर आला असता? उत्तरं वहीत. बाजाराचा सर्व्हे म्हणतात तो हाच.

शिकागोजवळ विलो क्रीक चर्च काढणारा बिल हायबेल्स आणि ऑरेंज काउंटीतच सॅडलबॅक चर्च काढणारा रिक वॉरेन, दोघेही शुलरच्या वर्गातून शिकून गेले. दोघांनीही घरोघर जाऊन तोच प्रश्न विचारला. त्यांची चर्चं पुढे शुलरच्या चर्चपेक्षा मोठी झाली. आज ह्यूस्टनपासून सिडनीपर्यंत जी मेगाचर्चं दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कामाच्या पद्धतीत स्नॅक-बारच्या छताचा अंश आहे.

मालाचंही सांगायला हवं. शुलर विकत काय होता? त्याचा गुरू नॉर्मन व्हिन्सेंट पील, न्यूयॉर्कचा पाळक, सकारात्मक विचारांवरच्या १९५२ च्या तुफान खपलेल्या पुस्तकाचा लेखक. १९५७ मध्ये शुलरने त्याला ड्राइव्ह-इनमध्ये प्रवचनाला आणलं, आणि मोटारींची रीघ लागली. शुलरने तेव्हा ओळखलं की या नव्या वसाहतींतल्या माणसांना 'तुम्ही पापी आहात' हे ऐकायचं नाही. ते आधीच थकलेले, एकटे, कर्जाचे हप्ते फेडणारे आहेत. त्यांना 'तुम्हाला जमेल' हे ऐकायचंय. या विचाराला त्याने स्वतःचं नाव दिलं, पॉसिबिलिटी थिंकिंग. आपण 'शक्यतेचा विचार' म्हणू. १९८२ मध्ये तर त्याने पुस्तकच लिहिलं की पापाचं मूळ आत्मसन्मानाच्या अभावात आहे आणि चर्चला आता आत्मसन्मानावर आधारलेली नवी धर्मसुधारणा हवी. कॅल्विनची सूची करणारा विद्यार्थी इथवर आला होता.

कर्मठ प्रोटेस्टंट मंडळी यावर भडकली. त्यांच्या मते यात क्रूसच उरत नाही. माणूस एवढा चांगला असेल तर ख्रिस्ताने मरायचं कशासाठी? आक्षेप वजनदार आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही तो कळावा: हे म्हणजे संतांच्या अभंगांतून 'मी अपराधी' हा सूर काढून टाकून फक्त 'तू समर्थ आहेस' एवढंच ठेवण्यासारखं. ऐकायला गोड, पण मग अभंग कशासाठी?

टीव्ही

शुलरला खरं मोठं केलं ते टीव्हीने, आणि त्यामागे एक सरकारी नियम होता, ज्याची फारशी चर्चा होत नाही.

अमेरिकेतल्या रेडिओ-टीव्ही केंद्रांना परवाना टिकवायला काही वेळ लोकहिताच्या कार्यक्रमांना द्यावा लागे. धर्म हे लोकहितात मोडायचं, म्हणून केंद्रं मोठ्या, प्रतिष्ठित पंथांना तो वेळ फुकट देत. १९६० मध्ये सरकारी आयोगाने ठरवलं की धार्मिक कार्यक्रमाचा वेळ पैसे घेऊन विकला तरी तो लोकहितातच धरला जाईल. झालं. विकत घेणारा गिऱ्हाईक असताना फुकट कोण देईल? जुने पंथ हळूहळू पडद्यावरून गेले आणि पैसे मोजायची तयारी असलेले उपदेशक आले. पैसे कुठून? प्रेक्षकांकडून. म्हणजे कार्यक्रमात देणगी मागायची, देणगीतून पुढच्या आठवड्याचा वेळ घ्यायचा, त्यात पुन्हा देणगी मागायची. रहाटगाडगं एकदा फिरायला लागलं की थांबवता येत नाही, कारण थांबलं की पडदा काळा.

१९६९ मध्ये बिली ग्रॅहम या प्रसिद्ध उपदेशकाने शुलरला सुचवलं की तू टीव्हीवर ये. १९७० मध्ये 'अवर ऑफ पॉवर' सुरू झाला. रुपेरी केस, झुळझुळीत झगा, हात पसरून सुरुवात, आणि सुरुवातीला नेहमी एकशे अठराव्या स्तोत्रातली एकच ओळ: हा दिवस परमेश्वराने घडवलाय, यात आपण आनंद करू. बाकीचे टीव्ही-उपदेशक घाम गाळत, रडत, नरकाची भीती घालत. शुलर हसत असे. पाहुणे म्हणून खेळाडू, नट, उद्योगपती. पुढे हा अमेरिकेतला सर्वाधिक पाहिला जाणारा साप्ताहिक धार्मिक कार्यक्रम झाला.

इथेच एक गोष्ट निसटली, आणि ती तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. गार्डन ग्रोव्हमध्ये रविवारी येणारी मंडळी काही हजार. पण चर्चचा मोठा खर्च चालायचा तो ओहायोतल्या, टेक्सासमधल्या, घरात एकट्या बसलेल्या म्हाताऱ्या प्रेक्षकांनी पाठवलेल्या चेकवर. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. मराठी शब्दांत सांगायचं तर पाळक होता, पण मंडळी नव्हती, प्रेक्षक होते. मंडळी अडचणीत पाळकाच्या पाठीशी उभी राहते, भांडते, वर्गणी काढते. प्रेक्षक चॅनल बदलतो.

काच

टीव्हीला चांगलं दिसेल असं घर हवं होतं. शुलरने फिलिप जॉन्सन या वास्तुविशारदाला गाठलं. जॉन्सनच्या पहिल्या आराखड्यात काच थोडी होती. शुलरला सगळंच काचेचं हवं होतं, कारण ड्राइव्ह-इनमध्ये त्याने कित्येक वर्षं आकाशाखाली प्रवचन केलं होतं आणि त्याला छप्पर नकोसं झालं होतं. जॉन्सन आणि त्याचा भागीदार जॉन बर्गी यांनी मग पांढऱ्या पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर सिलिकॉनने चिकटवलेल्या दहा हजारांहून अधिक काचा असा आराखडा दिला. काचा घट्ट बोल्टने आवळलेल्या नव्हत्या. भूकंपात सांगाडा हलला तर त्याही थोड्या हलाव्यात म्हणून. लांबी ४१५ फूट, उंची १२८. प्रवचनाच्या जागेशेजारी नव्वद फूट उंचीची दोन दारं, बटणावर उघडणारी, म्हणजे बाहेर मोटारीत बसलेल्यांना इथेही पाळक दिसावा.

पैसे उभे करायची तऱ्हा बघण्यासारखी होती. एकेक काच ५०० डॉलरला 'विकली' गेली; देणगीदाराचं नाव त्या काचेशी जोडलं जायचं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव कोरतात, तसंच. मोटारघरं बनवणाऱ्या एका उद्योगपतीने पहिले दहा लाख दिले. एकूण खर्च सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर, आणि सप्टेंबर १९८० मध्ये चर्चचं समर्पण झालं तेव्हा जवळपास सगळा खर्च भागलेला होता. हे लक्षात ठेवा. काचेच्या इमारतीने हे चर्च बुडवलं असं लोक सहज म्हणून जातात, ते खरं नाही.

नाव ठेवलं क्रिस्टल कॅथेड्रल. या नावात एक चूक होती, जाणकार तेव्हाच हसले होते. कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च असं आपण समजतो, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं तेच कॅथेड्रल, मग ते लहान का असेना. आणि शुलरच्या रिफॉर्म्ड पंथात बिशप हे पदच नाही. म्हणजे बिनबिशपचं कॅथेड्रल.

नाताळात तिथे 'ग्लोरी ऑफ ख्रिसमस' हा खेळ व्हायचा. जिवंत उंट मधल्या वाटेने चालत यायचे, मेंढ्या, घोडे, आणि वर दोरांना लटकलेले देवदूत प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडत जायचे. तिकीट लावून. त्याआधी मोठ्या कलाकारांच्या जलशांची तिकिटंही विकली गेली होती, आणि त्यावरून ऐंशीच्या दशकात राज्याच्या कर अधिकाऱ्यांनी विचारलं होतं की हे प्रार्थनास्थळ आहे की नाट्यगृह? मालमत्ता कराच्या सवलतीवरून बराच वाद झाला.

गादी

१९८७-८८ मध्ये अमेरिकेतले टीव्ही-उपदेशक एकामागून एक पडले. जिम बेकर पैशांच्या अफरातफरीत तुरुंगात गेला, जिमी स्वॅगर्ट वेश्येच्या प्रकरणात कॅमेऱ्यासमोर रडला. शुलरचं नाव असल्या कशात आलं नाही. १९९७ मध्ये विमानात फळांच्या बशीवरून कर्मचाऱ्याशी झटापट झाली, त्याने दंड भरला आणि माफी मागितली. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत चव्हाट्यावर आलेलं त्याचं मोठ्यातलं मोठं लफडं ते. म्हणून त्याची गोष्ट अभ्यासायला जास्त उपयोगी. वाईट माणूस बुडला तर त्यातून यंत्रणेबद्दल काही कळत नाही.

२००६ मध्ये, ऐंशीच्या घरात पोचलेल्या शुलरने गादी मुलाला दिली. मुलाचंही नाव रॉबर्ट. दोन वर्षांत बाप-लेकात बेबनाव झाला. मुलगा बायबलवर जास्त बोलायचा, बापाला ते जड, नकारात्मक वाटायचं. शिवाय कारभार कोणी पाहायचा यावरून बहिणी-मेव्हण्यांशीही जमेना. २००८ मध्ये बापाने मुलाला टीव्हीवरून काढलं. पुढे मुलगी शीला गादीवर आली. तोवर प्रेक्षक म्हातारे होत चालले होते आणि चेक कमी होत होते. त्यातच २००८ ची मंदी.

कर्ज मात्र चढत गेलं होतं. २००३ मध्ये रिचर्ड मायर या वास्तुविशारदाने बांधलेली चकचकीत नवी इमारत आवारात उभी राहिली होती. २००५ मध्ये सृष्टीच्या निर्मितीवर एक भव्य नाट्यप्रयोग केला, त्यात एक कोटी डॉलरहून जास्त गेले आणि तो आपटला. टीव्हीचा वेळ विकत घेणं चालूच. आणि पगारपत्रकावर मुलं, जावई, नातेवाईक. अमेरिकेत धर्मोपदेशकांना घरभाड्याचा भत्ता करमुक्त मिळतो. तो भत्ताही कुटुंबात अनेकांना मिळत होता. हे बेकायदा नव्हतं. पण संस्थेत हिशेब विचारणारे आणि हिशेब देणारे एकाच जेवणाच्या टेबलावर बसत असतील तर हिशेब विचारायचा कोणी?

सोलमधल्या योइदो चर्चचे संस्थापक डेव्हिड योंगी चो यांची गोष्ट इथे ताडून पाहण्यासारखी आहे. १९५८ मध्ये पाच माणसांनिशी सुरुवात, आणि पुढे सात लाखांवर सभासद. जगातली सर्वांत मोठी मंडळी. १९६० च्या दशकात कामाच्या ताणाने ते कोसळले, तेव्हा त्यांनी मंडळीची छोट्या-छोट्या घरगुती गटांत वाटणी केली आणि गटांचं नेतृत्व बायकांकडे दिलं. त्या काळच्या कोरियात ही धाडसाची गोष्ट होती. २००८ मध्ये त्यांनी गादी कुटुंबाबाहेरच्या पाळकाकडे सोपवली. पुढे २०१४ मध्ये चो यांना चर्चचा पैसा मुलाच्या फायद्यासाठी वापरल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं, शिक्षा स्थगित ठेवली. तरी चर्च कोसळलं नाही, कारण खाली हजारो घरांत गट शाबूत होते. शुलरकडे सदोष माणूस नव्हता. त्याच्याकडे खालचे ते गट नव्हते.

ऑक्टोबर २०१० मध्ये क्रिस्टल कॅथेड्रलने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज चार कोटी डॉलरच्या वर. ज्यांचे पैसे थकले होते त्यांच्या यादीत बँक होती, टीव्ही केंद्रं होती, आणि नाताळच्या खेळाला उंट आणि इतर जनावरं पुरवणारेही होते. त्यांचंही भाडं थकलं होतं. पुढच्या वर्षी आर्वेला आजारी पडली तेव्हा चर्चने मंडळीला निरोप पाठवला की पाळकबाईंसाठी कमी मिठाचं जेवण करून आणा आणि डबे त्यांच्या लिमोझिनच्या ड्रायव्हरकडे द्या. पगार न मिळालेले, नोकरी गेलेले लोक त्याच मंडळीत होते. मला त्या निरोपातली क्रूरता दिसत नाही. चाळीस वर्षं उंचावर राहिल्यावर खालचं जे दिसेनासं होतं ते दिसतं.

इमारतीला दोन गिऱ्हाइकं होती. शेजारचं चॅपमन विद्यापीठ जास्त पैसे द्यायला तयार होतं. दुसरा ऑरेंजचा कॅथलिक धर्मप्रांत. तो १९७६ मध्ये स्थापन झालेला, आणि तेव्हापासून त्याला साजेसं कॅथेड्रल नव्हतं. नवं बांधायचं तर दहा कोटींच्या वर खर्च येणार होता. शुलरच्या चर्चच्या बोर्डाने शेवटी धर्मप्रांताला पसंती दिली, कारण तिथे प्रार्थना चालू राहणार होती. २०१२ च्या फेब्रुवारीत ५ कोटी ७५ लाख डॉलरला व्यवहार झाला. पुढच्याच महिन्यात शुलर आणि आर्वेला बोर्डातून बाहेर पडले, आणि शीलाने वेगळं चर्च काढलं. उरलेली मंडळी जून २०१३ पर्यंत काचेत भरली. मग ती नातू बॉबी शुलरबरोबर जवळच्या एका छोट्या चर्चमध्ये गेली, जे कॅथलिकांनी याच व्यवहारात रिकामं करून दिलं होतं.

आर्वेला २०१४ मध्ये गेली, शुलर २ एप्रिल २०१५ रोजी. त्याच आवारातल्या दफनभूमीत दोघं आहेत.

कॅथलिकांनी इमारतीला क्राइस्ट कॅथेड्रल नाव दिलं आणि आत काचांखाली पांढऱ्या झडपा बसवल्या, कारण कॅलिफोर्नियाचं ऊन थेट डोक्यावर यायचं. शुलरच्या मंडळीने ते तीस वर्षं सोसलं होतं. जुलै २०१९ मध्ये अभिषेक झाला. वेदीजवळ बिशपचं आसन ठेवलं गेलं, आणि १९८० मध्ये दिलेलं कॅथेड्रल हे नाव पहिल्यांदा खरं ठरलं. १९७५ नंतर व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासितांची मोठी वस्ती याच भागात आहे. रविवारी तिथे इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये आणि व्हिएतनामीत मिस्सा होतात. येणारे बहुतेक आसपासचेच असतात.